मंचावर भीमगीत, मंचामागे वेठबिगार?

एप्रिल उजाडला की वैभववाडीच्या बाजारपेठेत निळे झेंडे लागतात आणि चौकाचौकांत फलक उभे राहतात. भीमगीतांचा भव्य कार्यक्रम! फलकावर वर तथागत आणि बाबासाहेब, मध्ये सुप्रसिद्ध गायकाचा फेटा बांधलेला फोटो आणि खाली स्वागतोत्सुकांची तीस-चाळीस पासपोर्ट छायाचित्रे. त्या फलकावर ढोलकीवाल्याचे नाव नसते. कोरसच्या मुलींचे नसते. ज्या शाहिराचे गीत गाऊन टाळ्या मिळणार असतात, त्या शाहिराचेही बहुधा नसते. रात्रभर वायरी ओढणारा, खुर्च्या उचलणारा, सकाळी पत्रावळ्या गोळा करणारा तर आमच्या हिशेबातच नसतो. आज त्याच्याविषयी बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मंडळ कोणते, गायक कोण, हे सांगण्याची गरज नाही, कारण कोकणातल्या कुठल्याही तालुक्याचे नाव घातले तरी ती खरी वाटेल. मे महिना, चाकरमानी गावी आलेले. जयंती उशिरा असली तरी उत्साह दांडगा. कार्यक्रम सायंकाळी सातला जाहीर झाला होता, सुरू झाला साडेआठला. पुढचा एक तास सत्कारात गेला. गायक मंचावर आले तेव्हा नऊ चाळीस झाले होते. दहा वाजता पोलीस आले. हुज्जत झाली, पुढाऱ्याला फोन लावले गेले आणि साडेदहाला आवाज बंद झाला. भुईबावड्यापासून उंबर्ड्यापर्यंतच्या वाड्यांतून टेम्पो भरून आलेली माणसे दोन-तीन गाणी ऐकून परतली. ‘आमच्याच कार्यक्रमाला कायदा कसा आठवतो?’ अशा घोषणा झाल्या. त्यात आमचाही आवाज होता. वकिलीची सनद खिशात असताना दहाचा नियम आम्हाला ठाऊक होता आणि तयारीच्या एकाही बैठकीत आम्ही तो तोंडातून काढला नव्हता, ही कबुली आधीच दिलेली बरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाहुण्यांना सोडायला रेल्वे स्थानकावर गेलो. तिथे रात्रीचा ढोलकीवाला बाकावर बसलेला. वय पन्नाशीच्या पुढे, ढोलकी मांडीवर, तिकीट प्रतीक्षा यादीतले. आम्ही जयभीम घातला. जेवलात का, विचारले. म्हणाला, ‘रात्री गडबडीत राहून गेलं.’ मानधन मिळाले का, विचारले. म्हणाला, ‘बुवा म्हणाले, कार्यक्रम अर्धाच झाला, मुंबईला गेल्यावर बघू.’ परत येताना मैदानावर डोकावलो. तिघे जण उरलेले अन्न आणि प्लास्टिकचे पेले हातांनी गोळा करत होते. हातमोजे नाहीत. त्यातले दोघे आपल्याच वस्तीतले. मजुरी किती ठरली, असे विचारताच त्यातला मोठा हसला. ‘वकीलसाहेब, समाजाचा काम आसा, पैशे कसले मागूचे? चाय दिल्यानी हा.’

त्या सकाळी आम्हाला भारतीय संविधानाचे कलम २३ आठवले आणि मान खाली गेली.

वेठ म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवावे?

ज्या समाजाच्या आज्या-पणज्यांनी वेठ भोगली, त्याला वेठबिगारीची व्याख्या पुस्तकात शोधावी लागत नाही. सरकारी अंमलदाराचे सामान पोचवा, सांगावा घेऊन कोसभर धावा, मेलेले ढोर ओढा, आणि बदल्यात भाकरतुकडा मागा, ही महार वतनाची रीत होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच जोखडाविरुद्ध. हे वतन कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. तोवर संविधानाच्या २३ व्या कलमाने माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार यांना बंदी घातलेली होती.

या कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने किती खोल लावला, हे आमच्या कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखे आहे. आणि योगायोग असा की तो खटलाही एका महोत्सवाचाच होता. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या. स्टेडियम आणि उड्डाणपूल बांधायला देशाच्या कानाकोपऱ्यातून मजूर आणले गेले. त्यांची किमान मजुरी दिवसाला सव्वानऊ रुपये होती. जमादार नावाचे मुकादम त्यातला एक रुपया आपले कमिशन म्हणून कापून घेत आणि मजुराच्या हाती सव्वाआठ रुपये टेकवत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेच्या पत्रावरून खटला उभा राहिला. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या पीठाने निकाल दिला की, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात कुणाचे श्रम घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच आहे. बंदूक रोखली तरच सक्ती होते असे नाही. भुकेने, गरिबीने, दुसरा मार्ग नसल्याने माणूस ‘होय’ म्हणतो, तेव्हा तीही सक्तीच असते.

आता हा निकाल हाती धरून आपल्या मैदानाकडे बघा. मंडळ गायकाच्या व्यवस्थापकाशी ठोक रक्कम ठरवते. त्यातून वादकाला किती मिळाले, कोरसला किती, हे मंडळ विचारत नाही. हा व्यवस्थापक दिल्लीच्या जमादारापेक्षा वेगळा कसा? आणि ‘समाजाचे काम’ म्हणून ज्याला फुकट राबवले, त्याला नकार देण्याची सोय होती का? वस्तीत राहायचे, मंडळाच्या लोकांशी उद्या पुन्हा गाठ पडायची. तो कसा नाही म्हणेल?

कोणी म्हणेल, मग समता सैनिक दलाचा स्वयंसेवकही वेठबिगारच का? मुळीच नाही. १९२७ पासून दल उभे आहे ते स्वेच्छेवर. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला लाखो माणसांच्या रांगा सांभाळणारा सैनिक स्वतःहून आलेला असतो, त्याला गणवेश असतो, अधिकार असतो, मान असतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. जे काम मंडळाचा अध्यक्ष स्वतःच्या मुलाला सांगेल ते स्वयंसेवकाचे काम. जे काम तो स्वतःच्या मुलाला कधीच सांगणार नाही, ते फुकट करून घेतले तर ती वेठ. खुर्च्या अध्यक्षाचा मुलगाही लावतो. संडास साफ करायला मात्र ठरावीक घरातल्याच माणसाला निरोप जातो. भीमजयंतीच्या मैदानावर!

महाडचा हिशेब

नियोजन हा शब्द काढला की काही बांधवांना ती कंपन्यांची भाषा वाटते. चळवळ भावनेवर चालते, असे ते सांगतात. त्यांनी महाडचा इतिहास पुन्हा वाचावा. महाड आपल्याच कोकणातले.

मार्च १९२७ च्या परिषदेची बांधणी रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. गावोगाव फिरून माणसे जमवली. परिषदेला आलेल्यांना पिण्यासाठी पाणी कुठून आणायचे? तळ्याला तर हात लावू देत नव्हते. स्वागत समितीने चाळीस रुपये मोजून पाणी विकत घेतले. चवदार तळ्याच्या लढ्याआधीचा हा चाळीस रुपयांचा खर्च आम्हाला फार मोलाचा वाटतो. क्रांतीच्या हिशेबाच्या वहीतसुद्धा पाण्याची नोंद आधी होती.

डिसेंबरच्या परिषदेला तर सर्व बाजूंनी कोंडी झाली. सवर्णांनी मंडपाला जागा नाकारली, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. स्थानिक व्यापारी माल देईनात, म्हणून धान्य बाहेरून आणावे लागले. शिस्त आणि व्यवस्था सुभेदार घाटगे या निवृत्त लष्करी माणसाकडे सोपवली होती. आणि प्रवास? बाबासाहेब प्रतिनिधींना घेऊन मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि धरमतरऐवजी दासगाव बंदराचा मार्ग धरला. कारण असे की, धरमतरच्या मोटारवाल्यांनी ऐनवेळी बहिष्कार घातला तर सगळे अडकतील. दासगावला उतरले तर महाड पायी गाठता येईल. वाहन मिळाले नाही तर काय, याचा विचार ज्यांनी बोटीत पाय ठेवण्यापूर्वी केला, त्यांचे अनुयायी आम्ही. आणि आम्ही कल्याणहून येणाऱ्या कलावंताला मे महिन्यातल्या कोकण रेल्वेचे प्रतीक्षा यादीतले तिकीट पाठवून देतो!

जलशांचीही तीच परंपरा. १९३० नंतरच्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाशिककडून जलसा काढला. तमाशाचा सांगाडा घेतला, त्यातला भोंगळपणा टाकला आणि खेड्यापाड्यांत बाबासाहेबांचा विचार पोचवला. ही माणसे कष्टकरी होती, बिदागीसाठी निघालेली नव्हती. पण ज्या वस्तीत कार्यक्रम, त्या वस्तीतच त्यांची भाकरी, तिथेच अंथरूण. कलावंत आणि कार्यकर्ता एकाच पंगतीला बसत. आज आमच्या कार्यक्रमात गायकासाठी वातानुकूलित खोली, पुढाऱ्यांसाठी वेगळे ताट आणि वादकाला ‘राहून गेलं’. पंक्तिभेद कुणाला शिकवायचा होता आम्ही?

आधी घड्याळ, मग गायक

त्या प्रसंगानंतर तालुक्यातल्या काही तरुणांनी आणि आम्ही ठरवले, एक कार्यक्रम तरी नीट करायचा. पहिली बैठक तारखेवरून तापली. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली या व्यवस्थेवर शिक्कामोर्तब केले आहे. सवलतीच्या दिवसांत १४ एप्रिल आहे का, हे त्या वर्षीचा आदेश मिळवूनच बघायचे. पण आमच्याकडच्या अर्ध्या जयंत्या होतात मे महिन्यात, चाकरमान्यांच्या सोयीने. त्या दिवसाला सवलत कुठली?

‘हा कायदा आपल्यालाच का?’ असा सवाल आला. सवाल खोटा नाही. आपल्या वस्तीत कायदा घड्याळ लावून येतो आणि दुसरीकडे त्याचे घड्याळ बंद पडते, हा अनुभव आहे. त्याचे उत्तर लेखी तक्रारीने, तारीख-वेळेच्या नोंदीसह द्यावे. दहावीचा अभ्यास करणारी मुलगी आणि दम्याने रात्र काढणारी आजी आपल्याही वस्तीत आहे, नियम तिच्यासाठीही आहे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासूनचा, रात्र-रात्र चालणारा. दहाच्या नियमानंतर त्यांनीही मैफली दुपारी सुरू करायला घेतल्या. गाणे काही मेले नाही.

आम्ही वेळापत्रक उलटे लिहिले. शेवट रात्री पावणेदहाला, सरणत्तयाने. मग मागे येत गेलो. मुख्य जलसा पावणेसात ते पावणेदहा. त्याआधी तास-दीड तास तालुक्यातली मुले-मुली. त्रिसरण-पंचशील सव्वापाचला. आवाजाची चाचणी तीन वाजता, उन्हातच. सत्कार शून्य! दोन प्रतिमांना पुष्पहार, एक स्वागत, संपले. या एका निर्णयावर दोन देणगीदार रागावले आणि पैसे परत घेऊन गेले. फलकावर फोटो नाहीत म्हटल्यावर तिसरेही गेले.

मैदान, पाणी आणि दरवाजे

गर्दी आली की कार्यक्रम यशस्वी, ही आमची समजूत. गर्दी माणसे मारते, हे आम्ही विसरतो. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या डोंगरावर सुमारे तीनशे भाविकांचा बळी गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोचीच्या विद्यापीठात गाण्याच्या कार्यक्रमाआधी पाऊस आला, माणसे एकाच दाराकडे धावली आणि चौघे चिरडले गेले. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला शासकीय पुरस्कार सोहळ्यात भर उन्हात बसलेले चौदा जण उष्माघाताने गेले. ही तारीख भीमजयंतीनंतर दोनच दिवसांची आहे, ऊन तेच.

म्हणून मैदान मोजले. तीस मीटर बाय चाळीस मीटर, म्हणजे बाराशे चौरस मीटर. मंच, वाद्यांची जागा, वाटा आणि पाण्याची जागा सोडली की बसायला सातशे-आठशे उरतात. एका चौरस मीटरला दोन माणसे धरली तर पंधराशे. उभ्या गर्दीत हा आकडा चार-पाचच्या वर गेला की माणूस स्वतःच्या पायावर चालत नाही, गर्दी त्याला नेते. तेव्हा पंधराशेला थांबायचे, हे आधी ठरवले. बाहेर पडायला तीन वाटा, त्यात एक सदैव रुग्णवाहिकेसाठी मोकळी. १०८ ची रुग्णवाहिका किती वेळात येईल, याची चौकशी आधी केली आणि आपल्यातल्या एका परिचारिकेला मंचाजवळ बसवले. लोकशाहीर विठ्ठल उमप नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवर, मंचावरच कोसळले आणि गेले. आमचे कलावंतही वयाने थकलेले असतात, याची जाण आम्हा आयोजकांना हवी.

पावसाचाही हिशेब केला. सह्याद्रीच्या पायथ्याचा तालुका आमचा. मे महिन्यात दुपारी घाटावर ढग दाटले की संध्याकाळी वारा मंडप उचलतो. मांडववाल्याला बांबूऐवजी लोखंडी सांगाडा लावायला सांगितले, जनरेटरला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घेतले. कोल्हापूरहून येणारा साउंडवाला करूळ घाटाने येणार होता. २०२४ मध्ये हा घाट दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद राहिला, तेव्हाचे हाल आठवून फोंडा घाटाचा वळसाही वेळेत धरला. आपल्या दासगावाची आठवण ठेवून!

संडासांचा विषय मात्र आम्हा पुरुषांपैकी कुणालाच सुचला नाही. बैठकीच्या दाराशी बसलेली एक आजी म्हणाली, ‘तुमचा गाना आयकूक आमी सांजेपासून पानी पिवनत नाय, म्हायत हा?’ कार्यक्रमाला जायचे म्हणून बायका संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत, हे आम्हाला इतक्या वर्षांत कळले नव्हते. त्या दिवसापासून समितीत निम्म्या महिला, आणि खर्चाच्या यादीत पहिली ओळ पाणी, दुसरी ओळ शौचालय. फिरती शौचालये मागवली तर ती रिकामी कशी करणार, हेही कंत्राटदाराला लेखी विचारले. हाताने मैला उचलायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. भीमजयंतीच्या दिवशी तो आपल्या मैदानावर घडू देणे कायद्याच्याही पलीकडचा गुन्हा ठरेल.

माणसे किती, कोणती, कशी?

आम्ही मनुष्यबळाच्या दोन याद्या केल्या. पहिली स्वयंसेवकांची. दर शंभर श्रोत्यांमागे एक, म्हणजे पंधरा. शिवाय दारांवर सहा, पाण्याजवळ चार, वाहने लावायला चार, मंचामागे दोन. एकतीस जण, त्यात चौदा तरुणी. प्रत्येकाला काम लिहून दिले आणि अडीच-तीन तासांनी बदली. चौदा वर्षांखालचे पोर वायरीला किंवा लोखंडाला हात लावणार नाही, हे बजावले. कोणाचा शब्द अंतिम, हेही ठरले. वादळ आले तर कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार एका बाईकडे दिला. अध्यक्षालाही तो मोडता येणार नव्हता.

दुसरी यादी मजुरीची. मांडवाचे चार, आवाजाचे तीन, वायरमन एक, स्वयंपाकाच्या तीन, सफाईचे चार. प्रत्येकाच्या नावापुढे काम, तास, रक्कम आणि सही. सफाईवाल्यांना हातमोजे, बूट आणि इतरांच्याच पंगतीला जेवण. कलावंतांच्या बाबतीत गायकाशी एक पानी करार केला. त्यात प्रत्येक वादकाचे आणि कोरसचे नाव आणि मानधन वेगळे लिहायला लावले. कार्यक्रम पावसाने किंवा आमच्या चुकीने अर्धवट राहिला तरी वादकाचे पैसे पूर्ण, ही अट घातली. चित्रीकरणाची परवानगी प्रत्येक कलावंताकडून वेगळी घेतली, कारण सादर करणाऱ्याच्या कलेवर कॉपीराइट कायद्याने त्याचा स्वतःचा हक्क आहे. गायकाचे व्यवस्थापक सुरुवातीला नाराज झाले. खुद्द गायक मात्र म्हणाले, ‘असं कुणी विचारतच नाही हो.’

गीत कुणाचे?

आणखी एक ऋण राहते. वामनदादा कर्डक १५ मे २००४ रोजी गेले. त्यांनी आयुष्यभर पायपीट करून हजारो गीते दिली. त्यांची गीते आजही रोज कुठेतरी गायली जातात आणि निवेदक गायकाचे नाव घेऊन मोकळा होतो. काही ठिकाणी तर गीताच्या शेवटच्या कडव्यातले शाहिराचे नाव काढून स्वतःचे घालतात. ही चोरी आहे. कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाने रचनाकाराला स्वतःच्या रचनेवर नाव लावून घेण्याचा हक्क दिला आहे, आणि रचना विकली तरी तो हक्क जात नाही. आर्थिक हक्क मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. वामनदादांच्या बाबतीत २०६४ पर्यंत. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या कार्यक्रमाला कायद्यात सूट आहे, हे खरे. पण नाव घ्यायला कुठे पैसे पडतात? आमच्या कार्यक्रमात निवेदिकेने प्रत्येक गीताआधी शाहिराचे नाव आणि गाव सांगितले. लोक शांतपणे ऐकत होते. डबलबारीला रात्र जागवणारा, चुकलेली मात्रा लगेच ओळखणारा हा जिल्हा आहे. श्रोत्याला समजत नाही, हा आयोजकांचा भ्रम आहे.

चळवळीला हे परवडते का?

हा शेवटचा आणि खरा प्रश्न. मजुरी द्या, मानधन द्या, शौचालये आणा; पैसा कुठून आणायचा? आमचे उत्तर साधे आहे. पैसा असतो, तो चुकीच्या ठिकाणी जातो. फलक, कमानी, फटाके, छातीत धडकी भरवणाऱ्या आवाजाच्या भिंती, शाली-श्रीफळे यांची बेरीज एकदा करून बघा. पंधराशे माणसांना आवाजाची भिंत लागतच नाही. गायक एकच मोठा बोलवावा, बाकी वेळ तालुक्यातल्या मुलांना द्यावा. चेन्नईला पा. रंजित यांच्या नीलम संस्थेने डिसेंबर २०२० पासून ‘मार्गळियिल मक्कळिसै’ हा महोत्सव सुरू केला. ज्या मार्गळी महिन्यात तिथल्या सभागृहांत शास्त्रीय संगीताचा हंगाम असतो, त्याच महिन्यात पऱै वाजवणारे, गाना गाणारे आणि मर्तिकाची गाणी गाणारे कलावंत मानाने मंचावर आले. ज्या वाद्याला अमंगळ ठरवले होते, तेच मध्यभागी ठेवले. आमची हलगीही गावाच्या दवंडीतून आणि वेठीतूनच आली आहे. ती वाजवणाऱ्याला कोपऱ्यात उभे करून कसे चालेल?

आमचा कार्यक्रम निर्दोष झाला, असे आम्ही म्हणणार नाही. शौचालये कमी पडली. रुसलेल्या देणगीदारांमुळे तूट आली, ती समितीतल्या सभासदांनी वाटून घेतली. आठच्या सुमारास जनरेटर बंद पडला आणि वीस मिनिटे मैदान अंधारात गेले. स्वयंसेवक मुली बॅटऱ्या लावून वाटांवर उभ्या राहिल्या, कोणी उठले नाही. मंचावरून ढोलकी आणि हलगी तेवढी चालू राहिली. ध्वनिक्षेपकाशिवायचा तो कोरस मागच्या रांगेपर्यंत ऐकू येत होता. भीमराव कर्डकांच्या काळी जलसा असाच ऐकू येत असेल. पावणेदहाला सरणत्तय झाले. दहाला पोलीस आले, चहा घेऊन गेले.

त्या रात्री मंचामागे एका टेबलावर वही उघडी होती. ढोलकीवाला आला. त्याला मुद्दाम शोधून बोलावले होते, स्थानकावर भेटलेलाच. त्याने पैसे मोजले, सही केली आणि वर लिहिलेले स्वतःचे पूर्ण नाव दोनदा वाचले. मग म्हणाला, ‘तीस वर्षं वाजवतोय. वहीत नाव पहिल्यांदा बघितलं.’

बांधवांनो आणि भगिनींनो, जयंती समित्यांच्या बैठका दरवर्षी फेब्रुवारीत सुरू होतात. पहिल्या बैठकीत गायकाचे नाव ठरवू नका. एक कोरी वही आणा, पहिल्या पानावर पाणी, दुसऱ्यावर शौचालय आणि तिसऱ्यावर राबणाऱ्या प्रत्येक माणसाचे नाव आणि त्याची मजुरी लिहा. रक्कम कमी पडली तर कार्यक्रम लहान करा, मजुरी लहान करू नका. वेठ मोडणाऱ्या महामानवाची जयंती वेठीवर साजरी होत असेल, तर मंचावरून म्हटलेले संविधान मैदानापर्यंतसुद्धा पोचलेले नाही, असेच म्हणावे लागेल.

तूर्त इतकेच. जयभीम!